आयपी सारखा बदलतोय, बोर्ड सापडत नाही: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून आलीये. नोडएमसीयू असो, आर्डुइनो असो (दोन्ही प्रोजेक्टसाठीचे छोटे, प्रोग्रॅम करता येणारे बोर्ड) नाहीतर शेतातलं फोरजी असो, काल ज्या पत्त्यावर, म्हणजे आयपीवर, बोर्ड उघडत होता त्या पत्त्यावर आज काहीच नाही. म्हणून बॅटरी आणि सोलरचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त पत्त्यांबद्दल बोलू.

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीला मी नोडएमसीयू आणि अल्ट्रासोनिक सेन्सर लावलाय. वॉचमनकाका मोबाईलवर १९२.१६८.१.७ टाकतात आणि पाणी किती आहे ते बघतात. पण लाईट जाऊन आली की आयपी बदलतो, कधी ११ होतो कधी ४, मग काका मला फोन करतात. कोडमध्येच फिक्स आयपी टाकून देऊ का? (पुणे)

उत्तर: टाकता येतो, पण टाकू नका. आधी हे का होतं ते बघा. बोर्ड चालू होतो तेव्हा त्याला स्वतःचा पत्ताच नसतो, तो वायफायला जोडला गेला की सगळ्यांना ऐकू जाईल असा एक मेसेज सोडतो की मला कोणी पत्ता देता का, राऊटर म्हणतो हा घे, बोर्ड म्हणतो बरं हाच देऊन टाक, राऊटर म्हणतो दिला. या चार मेसेजच्या देवाणघेवाणीला डीएचसीपी म्हणतात, १९९३ पासून हे असंच चालू आहे आणि तुमच्या फोनलाही असाच पत्ता मिळतो. हा पत्ता कायमचा नसतो, आपल्याकडचा अकरा महिन्यांचा भाडेकरार असतो तसा ठराविक मुदतीचा असतो. मुदत अर्धी झाली की बोर्ड परत राऊटरला विचारतो, राऊटर हो म्हणाला की तोच पत्ता पुढे चालू राहतो, म्हणूनच लाईट न जाता महिनाभर सगळं सुरळीत चालतं आणि आपल्याला वाटतं आयपी फिक्सच आहे. लाईट गेली की गडबड होते, कारण बऱ्याच स्वस्त राऊटरमध्ये कोणाला कोणता पत्ता दिला ही यादी फक्त मेमरीत असते, ती पुसली जाते, आणि मग जो आधी येईल त्याला आधीचा नंबर.

आता कोडमध्ये फिक्स पत्ता का नको. तुम्ही वायफाय डॉट कॉन्फिग मध्ये ७ नंबर लिहिलात तरी राऊटरला ते माहीतच नसतं, तो उद्या तोच ७ नंबर कोणाच्या तरी फोनला देऊन मोकळा होईल आणि मग दोघांचं नेट अडखळत चालेल, आणि हा दोष शोधायला फार त्रास होतो कारण फोनवाला घरी असेल तेव्हाच तो दिसतो. दुसरं म्हणजे कॉन्फिग मध्ये पत्ता, गेटवे, सबनेट एवढंच लिहून लोक थांबतात आणि डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारा सर्व्हर) लिहायचं राहतं. मग पेज उघडतं, लेव्हल दिसते, सगळं बरोबर वाटतं, फक्त वेळ १ जानेवारी १९७० पहाटे साडेपाच अशी दाखवतो, कारण टाईम सर्व्हरचं नाव शोधायला डीएनएस लागतो आणि तोच नाहीये. अशी तारीख दिसली की आधी तिथेच बघायचं. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उद्या सोसायटीने इंटरनेट कंपनी बदलली की राऊटर बदलेल, जिओफायबरच्या राऊटरचा घरगुती पत्ता १९२.१६८.२९ ने सुरू होतो, तुमचा १९२.१६८.१ ने, म्हणजे नव्या वायफायला जुनं नाव जुना पासवर्ड दिलात तरी बोर्ड त्या नेटवर्कमध्ये बसणारच नाही आणि तुम्हाला लॅपटॉप आणि यूएसबी केबल घेऊन टाकीवर चढावं लागेल.

त्यापेक्षा बोर्डाला पत्ता मागू दे आणि राऊटरला सांगा की या बोर्डाला नेहमी ७ च द्यायचा. राऊटरचं पेज उघडा (बहुतेक १९२.१६८.१.१), लॅन किंवा डीएचसीपी सेटिंगमध्ये जा, तिथे ॲड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज किंवा बाइंडिंग अशा काहीतरी नावाने सोय असते, नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं पण काम एकच. त्यात बोर्डाचा मॅक ॲड्रेस (त्याच्या चिपचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि हवा तो आयपी लिहायचा, सेव्ह करून दोन्ही रिस्टार्ट करायचं. मॅक ॲड्रेस सिरियल मॉनिटरवर वायफाय डॉट मॅकॲड्रेस प्रिंट करून घ्या. इथे एक लक्षात असू द्या, ईएसपीला, म्हणजे नोडएमसीयूवरच्या वायफाय चिपला, दोन मॅक असतात, एक तो वायफायला जोडतो तेव्हाचा आणि दुसरा तो स्वतः हॉटस्पॉट बनतो तेव्हाचा. आपल्याला पहिला हवा. फोनच्या वायफाय लिस्टमध्ये बघून लिहिलात तर दुसरा लिहिला जाईल आणि रिझर्व्हेशन काम करणार नाही.

आणि जमलं तर याच्यासोबत एमडीएनएस पण चालू करा, म्हणजे काकांना आकडे टाकायलाच नकोत, टाकी डॉट लोकल असं टाकलं की पेज उघडेल, आयपी काही का असेना. ईएसपी८२६६ वर लूपमध्ये एमडीएनएस डॉट अपडेट लिहायला लागतं, नाहीतर सुरुवातीला चालतं आणि नंतर नाव सापडत नाही, ईएसपी३२ ला ते लागत नाही. फक्त जुन्या अँड्रॉइड फोनवर डॉट लोकल उघडत नाही, काकांचा फोन जुना असेल तर रिझर्व्हेशनवरच भरवसा ठेवा.

प्रश्न: सर मी पॉलिटेक्निकला आहे. आमच्या ग्रुपने दोन आर्डुइनो उनो घेतले, दोन्हीवर इथरनेट शील्ड, दोन्हीत सेम कोड. एकेक लावला की मस्त चालतो, दोन्ही एकदम लावले की कधी हा बंद कधी तो बंद. शील्ड खराब आहे म्हणून दुकानदाराकडून बदलून आणली तरी तेच. (कोल्हापूर)

उत्तर: शील्ड चांगली आहे, दुकानदाराला उगाच त्रास नका देऊ. तुमच्या कोडच्या वरच्या भागात सहा आकड्यांची एक ओळ असेल, डीई, एडी, बीई, ईएफ, एफई, ईडी (हे अक्षरांनी लिहिलेले आकडेच आहेत). हाच तुमच्या शील्डचा मॅक ॲड्रेस. उदाहरणाच्या स्केचमधून ती जशीच्या तशी आली आहे आणि जगातल्या हजारो बोर्डांवर तीच असणार. वायफायच्या चिपमध्ये मॅक ॲड्रेस कारखान्यातच भरलेला असतो, पण या शील्डवरच्या डब्ल्यू५१०० किंवा डब्ल्यू५५०० चिपमध्ये तो नसतो, तो आपल्याला द्यायचा असतो. काही शील्डच्या पाठीमागे स्टिकरवर छापलेला असतो, असेल तर तोच लिहा. तुमच्या दोन्ही बोर्डांचा मॅक एकच असल्यामुळे राऊटरला वाटतं हा एकच बोर्ड आहे, तो दोघांना एकच आयपी देतो, आणि स्विचला कळत नाही की पॅकेट कुठल्या पोर्टवर पाठवायचं, एकदा इकडे जातं एकदा तिकडे. दुसऱ्या बोर्डात शेवटचा आकडा बदला, ईडी च्या जागी ईई करा, संपलं. स्टिकर नसेल आणि स्वतःच्या मनाने नवा मॅक बनवायचा असेल तर पहिला आकडा ०२ ठेवा, तो गट अशा घरगुती मॅकसाठीच राखून ठेवलेला आहे, बाकीचे पाच तुम्हाला हवे ते.

आता तुम्ही विचारलं नाहीये पण तुमचा कोड त्याच उदाहरणावरून आलाय म्हणून सांगतो, कारण हे मी फार प्रोजेक्टमध्ये बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. पत्ता मिळाला नाही तर काय करायचं याचा भाग त्या उदाहरणात आहे, तिथे एक कॉमेंट आहे की पुढे जाण्यात अर्थ नाही, आता कायमचं काहीच करायचं नाही, आणि खाली कधीच न संपणारा लूप. टेबलावर शिकताना ते ठीक आहे. पण आपल्याकडे लाईट येते तेव्हा आर्डुइनो दोन सेकंदात उठतो आणि राऊटर उठायला मिनिट दोन मिनिट घेतो. लायब्ररी साधारण एक मिनिट वाट बघते, पत्ता मिळत नाही, शून्य परत देते, आणि बोर्ड त्या लूपमध्ये जाऊन बसतो. नंतर राऊटर चालू झाला तरी उपयोग नाही, कोणीतरी जाऊन रिसेट बटण दाबेपर्यंत तो तिथेच. तो लूप काढा, तिथे तीस सेकंद थांबून परत इथरनेट डॉट बिगिन करा, मिळेपर्यंत करत राहा, आणि सेन्सर वाचायचं, रिले सांभाळायचं काम नेटशिवायही चालू ठेवा.

अजून एक ओळ, लूपमध्ये इथरनेट डॉट मेंटेन लिहा. मघाशी पुण्याच्या उत्तरात सांगितलं की मुदत अर्धी झाली की बोर्ड परत विचारतो, वायफायच्या बोर्डात ते आपोआप होतं पण या लायब्ररीत ही ओळ नसेल तर होत नाही. राऊटरची मुदत चोवीस तासांची असेल तर बोर्ड दुसऱ्या दिवशी परवानगी नसलेल्या पत्त्यावर बसलेला असतो, आणि राऊटरने तो पत्ता दुसऱ्याला दिला की भांडण. मेंटेन ० परत देतो म्हणजे काही करायची गरज नव्हती, २ किंवा ४ म्हणजे मुदत वाढली, १ किंवा ३ म्हणजे वाढवता आली नाही, हे सिरियलवर प्रिंट करून ठेवा, व्हायव्हाला पण सांगता येईल.

प्रश्न: सिरियल मॉनिटरवर आयपी ०.०.०.० येतो, एका मित्राच्या बोर्डवर तर आकड्यांऐवजी आयपी अनसेट लिहून येतं. मॉड्यूल गेलं का? (नांदेड)

उत्तर: नाही गेलं. पत्ता मिळायच्या आधीच तुम्ही प्रिंट करताय. वायफाय डॉट बिगिन नंतर कनेक्टेड स्टेटस येईपर्यंत थांबा, मग प्रिंट करा. थांबूनही येत नसेल तर पासवर्ड तपासा, आणि राऊटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर नाही ना ते बघा, ईएसपी८२६६ ला २.४ च लागतो.

प्रश्न: दादा, द्राक्षबागेत विहिरीवर मोटर आहे, स्टार्टरला ईएसपी३२ आणि रिले लावलाय, नेट फोरजी डोंगलचं. घरून बघता यावं म्हणून डोंगलमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं (बाहेरून आलेलं कनेक्शन बोर्डाकडे वळवणं), डायनॅमिक डीएनएसचं (आयपी बदलला तरी त्याच्याकडे नेणारं) फुकट नाव घेतलं, नावासमोर आयपी पण बरोबर अपडेट होतो, तरी घरून उघडतच नाही. डोंगलच्या स्टेटस पेजवर आयपी १०० ने सुरू होणारा दिसतो आणि गुगलवर माझा आयपी बघितला तर वेगळाच. (निफाड)

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. हे दोन आयपी वेगळे दिसले की समजायचं की मोबाईल कंपनीने तुम्हाला खरा, जगाला दिसणारा पत्ता दिलेलाच नाही. चार आकड्यांचे जुने आयपी पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी, जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. मग कंपन्यांनी एकेका खऱ्या पत्त्याच्या मागे शेकडो गिऱ्हाईकं बसवायला सुरुवात केली, त्याला सीजीनॅट म्हणतात, आणि त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला. तुमचा डोंगल त्या पट्ट्यात आहे. काही कंपन्या तिथे १० ने सुरू होणारा पत्ता देतात, अर्थ तोच. तुमचं डायनॅमिक डीएनएस कंपनीच्या दाराचा पत्ता बरोबर सांगतंय, पण त्या दारातून आत तुमच्या डोंगलकडे कसं जायचं हे कंपनीच्या मशीनला कोणी सांगितलेलं नाही आणि सांगायची सोयही आपल्या हातात नाही. त्यामुळे डोंगलमध्ये कितीही पोर्ट उघडा, फरक पडणार नाही.

मग उलटं करा. बाहेरून बोर्डाला शोधायचं सोडा आणि बोर्डालाच बाहेर फोन करू द्या, कारण आतून बाहेर जायला सीजीनॅट अडवत नाही. यासाठी एमक्यूटीटी वापरा, ही छोटे मेसेज पाठवण्याची पद्धत आहे. हे १९९९ मध्ये वाळवंटातल्या तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला, महागड्या सॅटेलाइट लिंकवरून कमीत कमी डेटा जावा म्हणून बनवलं होतं, शेतातल्या अशक्त रेंजला ते बरोबर बसतं. मध्ये एक ब्रोकर (मेसेज इकडून तिकडे पोचवणारा सर्व्हर) असतो, बोर्ड त्याला जोडून ठेवतो, तुमचा फोनही त्यालाच जोडतो, मग बोर्डाचा आयपी दिवसातून दहा वेळा बदलला तरी तुम्हाला कळणारही नाही. कीपअलाइव्ह (मी चालू आहे हे बोर्डाने ब्रोकरला किती वेळाने कळवायचं ते) साठ सेकंद ठेवा, लाइन गप्प राहिली तर कंपनीची मशीन ते कनेक्शन विसरून जाते. आणि लास्ट विल नावाची सोय नक्की वापरा, बोर्ड जोडताना ब्रोकरला सांगून ठेवतो की मी गायब झालो तर माझ्या नावाने ऑफलाईन असा मेसेज टाक, कीपअलाइव्हच्या दीडपट वेळ बोर्डाकडून काहीच आलं नाही की ब्रोकर तो टाकतो. मग फोनवर मोटर चालू दिसतेय पण खरं तर लाईटच नाहीये असा घोळ होत नाही.

आता दादा, पुढचं नीट वाचा, हे आयपीपेक्षा महत्त्वाचं आहे. एमक्यूटीटीत मेसेज पाठवताना रिटेन असा एक पर्याय असतो, म्हणजे शेवटचा मेसेज ब्रोकर जपून ठेवतो आणि बोर्ड परत जोडला की लगेच त्याच्या हातात देतो. मोटर चालू आहे की बंद ही माहिती रिटेन करा, हरकत नाही. पण मोटर चालू कर हा हुकूम कधीच रिटेन करू नका. समजा तुम्ही संध्याकाळी चालू कर पाठवलं, तेवढ्यात लाईट गेली, सकाळी कोणीतरी फुटवॉल्व्ह काढायला विहिरीत उतरलं, आणि लाईट आली. बोर्ड उठेल, ब्रोकरला जोडेल, कालचा हुकूम मिळेल, मोटर चालू. बोर्ड बंद असताना आलेले मेसेज ब्रोकरने साठवून ठेवायचे अशीही एक सोय असते, क्लीन सेशन बंद केलं की ती लागू होते, तिथेही धोका हाच. म्हणून हुकुमासोबत वेळ पाठवा आणि दोन मिनिटांपेक्षा जुना हुकूम बोर्डाने सरळ फेकून द्यायचा. बोर्ड उठताना रिले बंदच असला पाहिजे, ईएसपी३२ च्या काही पिना उठताना क्षणभर आपोआप हाय होतात, रिलेला त्या देऊ नका. आणि विहिरीत उतरणाऱ्या माणसाने मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडल्याशिवाय उतरायचं नाही, कोड कितीही चांगला असला तरी.

ब्रोकरसाठी इंटरनेटवर टेस्टिंगला फुकट मिळतात ते सगळ्यांना उघडे असतात, कोणीही तुमचा टॉपिक (तुमचे मेसेज ज्या नावाखाली जातात ते) बघू शकतो आणि मोटर चालू करू शकतो. पासवर्ड आणि टीएलएस (मेसेज कुलूपबंद करून पाठवायची सोय) असलेला घ्या, पोर्ट ८८८३. १८८३ वर सगळं उघडं जातं.

प्रश्न: मी शारजाला असतो, आईबाबा रत्नागिरीला. घरी फायबर आहे, आयपी खरा आहे पण राऊटर बंद चालू झाला की बदलतो, त्यामुळे डायनॅमिक डीएनएस लावून पोर्ट फॉरवर्ड केलंय आणि ईएसपी३२ वरून गॅस सेन्सर आणि दिवे इथून दिसतात. छान चाललंय. मित्र म्हणतो हे धोकादायक आहे, खरंच आहे का?

उत्तर: मित्राचं ऐका. तुम्ही जे नाव वापरून घर उघडता त्या नावाची कोणाला गरजच नसते, जगातले सगळे आयपी ओळीने तपासत जाणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात, तुमचा पोर्ट उघडा असला की तो थोड्याच वेळात त्यांना सापडतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने हेच केलं, कॅमेरे, डीव्हीआर, राऊटर यांना कारखान्यातून आलेले साठेक ठरलेले पासवर्ड लावून बघितले आणि लाखो उपकरणं ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यातल्याच उपकरणांकडून डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स सारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. आणि डाइन म्हणजे तीच कंपनी जिने डायनॅमिक डीएनएस घराघरात पोचवलं.

ईएसपी३२ वरच्या साध्या वेब पेजला बहुतेक वेळा पासवर्डच नसतो, असला तरी एचटीटीपीवर उघडा जातो. तुमच्या बाबतीत तर तो गॅस सेन्सर आहे आणि घरात वयस्कर माणसं आहेत, तिथे मी अजिबात तडजोड करणार नाही. ईएसपीचा पोर्ट आज बंद करा. डायनॅमिक डीएनएसचं नाव राहू द्या, ते वाईट नाहीये, फक्त त्याच्या मागे वायरगार्ड (एक व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतचा बंदिस्त बोगदा किंवा टनेल) लावा, राऊटरमध्ये सोय असेल तर तिथे नाहीतर एखाद्या रास्पबेरी पायवर. वायरगार्डचा एक पोर्ट उघडावा लागतो पण योग्य किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. एक अडचण येईल ती आधीच सांगतो, वायरगार्ड नावाचा आयपी फक्त जोडताना शोधतो, त्यामुळे रत्नागिरीला लाईट गेली आणि आयपी बदलला की तुमच्या फोनवर टनेल चालू दिसेल पण काही उघडणार नाही, तेव्हा टनेल बंद करून परत चालू करायचा. शारजातून व्हीपीएन वापरण्याबद्दल तिथले नियम काय आहेत ते आधी बघून घ्या. ते नको असेल तर निफाडच्या दादांना सांगितलेला एमक्यूटीटीचा मार्ग तुम्हालाही चालेल, आणि उद्या फायबर कंपनीने न सांगता सीजीनॅट लावलं तरी तो तुटणार नाही. गॅसचा बझर मात्र घरातच, नेटवर अवलंबून न ठेवता वाजला पाहिजे.

प्रश्न: प्रोजेक्ट स्पर्धेत कॉलेजच्या वायफायवर आमच्या ईएसपी३२ ला आयपी मिळाला, फोनलाही मिळाला, दोन्ही एकाच नेटवर्कवर, तरी फोनवर पेज उघडलं नाही. परीक्षकांसमोर फजिती झाली. पुढच्या महिन्यात नाशिकला अजून एक स्पर्धा आहे. (धुळे)

उत्तर: कॉलेजच्या वायफायवर बहुतेक क्लायंट आयसोलेशन चालू होतं, म्हणजे प्रत्येकाला इंटरनेट मिळतं पण एकमेकांशी बोलता येत नाही. मोठ्या वायफायवर हे मुद्दाम करतात आणि बरोबरच करतात, कोडमध्ये त्यावर इलाज नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट नेलात तर चालेल, पण कोडमध्ये फिक्स आयपी असेल तर काढून टाका, आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० ने सुरू होणारे पत्ते देतो, नव्या अँड्रॉइडचा पट्टा तर बदलत राहतो. सगळ्यात भरवशाचं म्हणजे ईएसपी३२ लाच हॉटस्पॉट बनवा, तो स्वतःकडे १९२.१६८.४.१ ठेवतो आणि फोनला स्वतःच पत्ता देतो, मधे कोणीच नाही. फोन म्हणेल या वायफायला इंटरनेट नाही, तरी जोडलेलंच ठेवा म्हणून सांगा आणि मोबाईल डेटा बंद करा, नाहीतर फोन गुपचूप डेटावरून पेज शोधायला जातो आणि परत तीच फजिती. एकाच हॉलमध्ये दहा टीम हेच करणार, म्हणून हॉटस्पॉटला टीमचं नाव द्या आणि आठ अक्षरांपेक्षा कमी पासवर्ड ठेवू नका, त्यापेक्षा छोटा दिला तर हॉटस्पॉट चालूच होत नाही.